वायर पोचेल तिथवर

रामाने पेट्रोलवर चालणारी करवत आणली आणि उमरठात जो तो झाड तोडायला त्यालाच बोलवू लागला, तसं शेजारच्या भागोजीच्या पोटात दुखू लागलं. त्याने महाडला जाऊन मुद्दाम विजेवरची करवत घेतली. "पेट्रोल नाय, धूर नाय," तो अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असं बायकोला म्हणाला.

वायर मात्र अंगणापुरतीच पोचली, आणि अंगणात एकच झाड होतं, कापा फणसाचं. रामा कुंपणाशी उभा राहून बघतोय म्हटल्यावर भागोजीने ते दहा मिनिटांत आडवं केलं.

मे महिन्यात मुंबईची नातवंडं आली, तेव्हा रामा पिकलेला फणस घेऊन दारात आला. "पोरांना दे रे भागोजी, तुझ्याकडं आता नाय ना."