कानातला परका

शालन पुन्हा हसली, तसा दिगंबर भडकला. "भाजीत मीठ नाही म्हणालो मी. यात हसण्यासारखं काय आहे?"

"अहो, यंत्र बिघडल्यापासून तुमचा आवाज इतका मऊ ऐकू येतो!" कानामागच्या टिकलीएवढ्या श्रवणयंत्राला हात लावत ती म्हणाली. "राहू दे असंच. दुरुस्ती नको."

दिगंबरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शब्द त्याचे, आवाज दुसऱ्याच कुणाचा, आणि बायको त्या परक्यावर भाळलेली! दुसऱ्याच दिवशी तो तिला दुकानात घेऊन गेला.

दुकानदार तांबोळीने तिच्या कानामागचं यंत्र न काढताच स्पीकरला जोडलं. "काका, बोला काहीतरी."

"लवकर आटप!" दिगंबर खेकसला.

स्पीकरमधून तेच शब्द आले, पण कोवळ्या, लाजऱ्या आवाजात. शालनचा चेहरा खुलला.

"कोण आहे हा?" दिगंबरने विचारलं.

"तुम्हीच, काका. हे यंत्र काकूंच्या आठवणीतला आवाज वापरतं. रोजचा ताजा आवाज भरून घेणारा भाग बंद पडलाय, म्हणून त्यांना लग्नाच्या वेळचे तुम्ही ऐकू येता. करू दुरुस्त?"

शालनने कानामागच्या यंत्रावर हात ठेवला.

"राहू दे," तो पुटपुटला. स्पीकरमधून तेही गोडच आलं.

परतताना 'ही साडी तुला शोभते' असं अगदी त्याच्या ओठांवर आलं होतं. पण त्याने ते गिळलं. सगळं श्रेय आयतं त्या पोरट्याला मिळालं असतं.