तीन पायांचं बदक

बदकाला तीन पाय होते. संगणकाच्या पडद्यावर रणगाडा सावकाश गोल फिरत होता आणि दर फेरीला ते पांढरं बदक तिच्यासमोर येत होतं. खाली ओळ होती: ‘ऐतिहासिकदृष्ट्या अचूक’. त्याखाली तपासनीस म्हणून तिच्या वडिलांचं नाव.

“हे कोणी घातलं?”

“ताई, मंजुरी आहे त्याला,” रंगारी म्हणाला. खेळातल्या रणगाड्यांचे रंग आणि चित्रं तो करायचा. रंगारी हे नाव त्याला बाबांनीच दिलेलं. प्रेमाने नव्हे.

त्याचं आणि बाबांचं बारा वर्षं विळ्या-भोपळ्याचं सख्य. रंगारी म्हणायचा, लोकांना आपला रणगाडा आपल्या मनासारखा सजवायचा असतो. गुलाबी मागतात, ज्वाळा मागतात, देऊन टाका की. बाबा खऱ्या रणगाड्याचे चालक होते. निवृत्तीनंतर या खेळ बनवणाऱ्या कंपनीत तपासनीस म्हणून आले. “ही काय लग्नाची गाडी आहे, वाटेल ती फुलं चिकटवायला?” ते म्हणायचे. “जुना फोटो दाखवा, मग रंगवा. फोटो नाही तर रंग नाही.” एका चुकीच्या क्रमांकासाठी त्यांनी अख्खा खेळ आठवडाभर अडवून धरला होता.

त्यांना जाऊन आता महिना झाला होता. रंगाऱ्याला रान मोकळं होतं.

सकाळी खेळ बाहेर पडला आणि तिने हे बदक पाहिलं, तेव्हाच लिहिलेलं पत्र तिने पर्समधून काढून टेबलावर ठेवलं. वडिलांचं नाव खेळातून कायमचं काढून टाकावं, एवढाच मजकूर. सही तेवढी बाकी होती. असल्या थट्टेखाली ते नाव ती राहू देणार नव्हती.

“मंजुरी दाखवा.”

त्याने कागद पुढे केला. सही बाबांचीच वाटत होती, पण वेडीवाकडी. तारीख पाहिली आणि तिचा संशय पक्का झाला. त्या दिवशी बाबांच्या हातात चमचासुद्धा ठरत नव्हता. दोन दिवसांनी ते गेले.

“मी त्या दिवशी त्यांच्या उशाशी होते. तुम्ही फिरकला नव्हता.”

“आलो होतो. दुपारी. तुम्ही संत्री आणायला गेला होता.”

तिला ती दुपार आठवली. “ठकी, संत्री आण जा,” बाबा म्हणाले होते. पाण्याचा घोट ज्यांना गिळवत नव्हता, त्यांनी संत्री मागितली म्हणून ती धावली होती. परत आली, तर त्यांनी पिशवीकडे बघितलंही नाही. महिनाभर ते तिला सलत होतं.

“म्हणजे मी बाहेर असताना आजारी माणसाचा हात धरून सही घेतलीत.”

“हात धरला, खरंय. पेन सुटत होतं. पण बोलावणं त्यांचं होतं.”

“आणि फोटो? का माणूस गेला तसा नियमही गेला?”

रंगारी उठला. कपाटातून एक पाकीट काढून त्याने तिच्यासमोर ठेवलं. “उशीखालून काढून दिला त्यांनी. खेळ बाहेर पडेपर्यंत तुम्हाला कळता कामा नये, असं बजावलं होतं.”

आत एक पिवळा पडलेला फोटो होता. रणगाड्यापाशी उभा असलेला गणवेशातला तरुण चालक. त्याच्या कडेवर एक मुलगी, कोपरापर्यंत पांढऱ्या रंगाने माखलेली. मागे पोलादावर ओघळ आलेलं ओलं बदक. तीन पायांचं.

तिने फोटो उलटला. बाबांचं टपोरं अक्षर होतं: ‘आघाडीवर निघताना. चित्र: ठकी, वय चार.’

तिला यातलं काहीच आठवत नव्हतं.

“मी म्हटलं, साहेब, निदान तिसरा पाय तरी काढू या, लोक हसतील,” रंगारी म्हणाला. तिचं बिनसहीचं पत्र अजून दोघांच्या मध्ये पडलं होतं. “तर त्या अवस्थेतही डोळे वटारले माझ्यावर. म्हणाले, खबरदार! त्याच तीन पायांवर मी घरी परत आलोय.”