जीवखडा

"वहिनी, द्या तो दगड. भटजी खोळंबलेत," दीर म्हणाला. दहाव्याचे पिंड ठेवून झाले होते. आता जीवखडा नदीत सोडला की नवऱ्याचा जीव मोकळा होणार होता. पण गिरजानं मूठ उघडली नाही.

स्मशान तिथंच नदीकाठी, रेल्वेलाईनीला लागून होतं. त्या दिवशी चितेपाशी मडकं फोडायला दिरानं घाईत हाताला लागला तो दगड उचलला, तोच जीवखडा झाला, आणि तो निघाला रुळाखालच्या खडीतला. काळा, कोपऱ्याकोपऱ्यांचा. गँगमन नवऱ्याची सगळी हयात त्याच खडीत गेली होती.

तो सांगायचा, "नदीतला गोटा गुळगुळीत. वजन आलं की घरंगळतो. कोपरे असलेला दगड शेजारच्याला धरून बसतो, म्हणून एवढी गाडी गेली तरी रूळ सरकत नाही."

"पाण्यात झिजून गोटा होईल त्याचा," गिरजा म्हणाली.

"बाई, जीव अडकून राहील त्यांचा!" भटजी कावले.

"राहू दे. रिकामं बसवत नव्हतंच त्यांना कधी."

ती लाईनीवर गेली. दोन स्लीपरांमधली खडी उकरून तिनं तो दगड आत बसवला. मागून धावत आलेल्या दिरानं तिला बाजूला ओढलं. मालगाडी धडधडत गेली. रूळ कणभर दबला, वर आला, पण सरकला नाही.

"दादाचा दगड कुठला, वहिनी?" दिरानं हळूच विचारलं.

ती वाकून शोधू लागली. सगळे सारखेच, एकमेकांना धरून बसलेले. दहा दिवस कोरडे राहिलेले तिचे डोळे तेव्हा कुठं भरून आले.