समाधीचा दगड

शिवम्मा लेकीच्या बाळंतपणासाठी दोन महिने अंबाजोगाईला होती. सत्त्याण्णव साल ते. दिंद्रुडात जो तो पक्कं घर बांधत होता आणि वीटभट्ट्यांचा धूर गावावरून हलत नव्हता. ती परतली, तर शेतात तिच्या लेकानं, श्रीशैलनंही छातीएवढ्या भिंती उठवल्या होत्या.

"एक वीट इकत आणली न्हाई, आई," भिंतीवर हात ठेवून तो म्हणाला. "लिंबाची तिन्ही झाडं तोडून भट्टीत जाळली. माती आपल्याच रानातली. पुरुषभर खांदून काढली."

शिवम्मा खड्ड्याकडं बघत राहिली. लिंगायतांत मेलेल्या माणसाला जाळत नाहीत. तिच्या नवऱ्यालाही वीस-बावीस वर्षांपूर्वी याच रानात बसवून माती दिली होती.

"आन् ह्यांची समाधी?"

"तिला कोण हात लावतंय? दगडाभवती चार हात जागा सोडायला लावली म्या. बघ की, बांधावर जिथल्या तिथं हाय."

शिवम्मा खड्ड्याच्या काठाशी जाऊन बसली.

"त्यो दगुड मीच हितनं बांधावर नेऊन रवला हुता. तू रांगत हुतास तवा. रानात मधीच औताला आडवा यायचा, दोन ओळी पेरायच्या ऱ्हायच्या. म्हणलं, माणूस तर रानातच हाय, दगुड कुटं का आसंना."

श्रीशैलचा हात अजून भिंतीवरच होता.