मागचा कॅमेरा

दूरच्या शहरात राहणाऱ्या बापाला आठ वर्षांच्या लेकीशी व्हिडिओ कॉलवर बोलायला कोर्टाने दर रविवारी अर्धा तास दिला होता. अट एकच, त्या वेळी आईने खोलीत थांबायचं नाही. कॉल लागला तशी बापाने लेकीला मागचा कॅमेरा लावायला सांगितला.

"दारामागे दाखव. आता पडद्यामागे."

"मी स्वयंपाकघरात आहे, सांग तुझ्या फौजदार बापाला," आई तिकडून कडाडली.

"तिला म्हणावं, जीभ आवर. वकिलाच्या कानावर घालीन."

दहा मिनिटं अशीच गेली.

"आणि तू मोबाईल एवढा का हलवतेस गं? कोणाला लपवतेस? नीट धर."

 

"डाव्या हातात धरलाय, बाबा. उजव्याला सोमवारपासून प्लास्टर आहे."