चौथं पाकीट

“काका, जिंकलो! सारखे आहेत, अगदी जुळी भावंडं!”

मॅडम सूक्ष्मदर्शकावरून उठल्या त्या टाळी मागतच. लॅबमधल्या काकांनी हात पुढे केला, पण त्यात जीव नव्हता.

जांभळाच्या कुळातली पाच झाडं. पाचांचे परागकण. तिसरं झाड बुटकं, चौथं तिमजली उंच. विभागप्रमुख वीस वर्षं सांगत आले होते, या दोन वेगळ्या जाती. मॅडम म्हणत होत्या, एकच. त्यावरून सगळा विभाग त्यांना हसला होता. उद्या समितीसमोर त्या या कणांची चित्रं लावणार होत्या.

फुलं काका आणत. झाडावर चढायचं, फुलं पाकिटात घालायची, वर झाडाचा नंबर टाकायचा. पंचवीस वर्षं.

यंदा गुडघ्यानं दगा दिला. चौथ्या झाडाच्या बुंध्याशी काका दोनदा गेले, दोनदा परतले. मग बुटक्या झाडाचीच फुलं दोन पाकिटांत भरली. एकावर तीन. एकावर चार. फूल ते फूल, बघतंय कोण?

उद्या सगळेच बघणार होते.

गप्प बसलं तर झाकली मूठ. पण मॅडम खोट्या चित्रांवर उभ्या राहणार. आणि बोललं, तर चढता न येणाऱ्या माणसाला इथे ठेवणार कोण?

“मॅडम... ती दोन्ही पाकिटं बुटक्या झाडाचीच आहेत. चौथ्यावर मी चढलोच नाही.”

मॅडमनी एकदा सूक्ष्मदर्शकाकडे पाहिलं, एकदा काकांच्या गुडघ्याकडे. मग वाकून त्यांनी पायातल्या चपला काढल्या. काकांनी डोळे मिटून घेतले.

“चला. शिडी कुठंय?”

काका खालून ओरडत होते. “डावा पाय! अहो, डावा म्हणजे डावा!” मॅडम फांदीला घोरपडीसारख्या चिकटलेल्या. उतरल्या तेव्हा कोपर सोललेलं आणि दातांत पाकीट.

संध्याकाळी त्यांनी दोन काचपट्ट्या मांडल्या. एकीवर बुटक्या झाडाचे परागकण, दुसरीवर दुपारी आणलेले. काकांना स्टुलावर बसवलं. पंचवीस वर्षांत काका त्या नळीत पहिल्यांदाच डोकावत होते. तिकोनी, इवलेसे कण. एक पट्टी. दुसरी. पुन्हा पहिली.

“यातली उंच झाडाची कुठली?”

काकांनी कपाळावरचा घाम पुसला. “खरं सांगू? मला नाही ओळखता येत.”

“मलाही नाही,” मॅडम म्हणाल्या.