कलती बाटली

संजीवच्या टेबलावर घरच्या बिअरचे दोन ग्लास होते. एकातली शेजारच्या अश्विनची, उन्हासारखी नितळ; दुसऱ्यातली संजीवची, भातरोवणीच्या बांधीतल्या पाण्यासारखी गढूळ. सातू एकाच पोत्यातले, घातलेही एकाच दिवशी. महिनाभर दोन शेजारघरांत मुरले होते.

संजीवच्या बायकोने, दामिनीने, दोन्ही ग्लास खिडकीच्या उजेडात धरून पाहिले आणि अश्विनचा ओठांना लावला. एवढेच. संजीवने आपला ग्लास स्वतःकडे ओढून घेतला.

"भाऊ, बाटल्या भरतानी नळी बुडाले टेकवली असन तुमी," अश्विन म्हणाला. "खालचा गाळ, साका ओढल्या जाते मंग."

"तुह्या हातालेच गुन हाये बाबा. आमचे हात खानीतले."

"मी का तहसीलदार हाओ? त्याच खानीत उतरतो न. पाळी तेवढी येगळी."

दामिनीने ग्लास खाली ठेवला.

संजीव आपली दुसरी बाटली आणायला उठला. "बसा तुमी, मी ओततो," म्हणत ती त्याच्याआधी फळीपाशी पोचली. आजवर या घरची बिअर संजीवच ओतत आला होता.

तिने बाटली उभीच्या उभी, झोपलेले मूल उचलावे तशी आणली. तीन रिकामे ग्लास काठाला काठ लावून मांडले. बाटली कलती केली. पहिला भरला, दुसरा, तिसरा. मध्ये एकदाही तिने ती सरळ होऊ दिली नाही, त्यामुळे बुडाचा साका उठला नाही. त्याची करडी रेघ बाटलीच्या खांद्याशी आली, तशी मनगट हलकेच आत वळवून तिने धार तोडली.

संजीवची बिअर आज पहिल्यांदा नितळ उतरली होती. तो मात्र ग्लासांकडे पाहत नव्हता. थोड्या वेळापूर्वी स्वतःची बाटली ओतताना अश्विनचे मनगट असेच आत वळले होते.

अश्विन खिडकीबाहेर पाहू लागला.

"मी तं असं ओतत नाई," संजीव म्हणाला. आवाज त्याने जपून काढला होता. "तू हे कोनापासून शिकली?"

तिने त्याच्याकडे पाहिले. बाटलीत दोन बोटे बिअर उरली होती. ती सरळ न करता, तशीच कलती धरून, साका जागचा हलू न देता दामिनी सावकाश आत निघून गेली.